धुळं भेटलं, मिळालं की सापडलं?

पांझराकाठ
आमची दहावीची बॅच 1989ची. गेल्या महिन्यात धुळ्याला तिचं गेट-टुगेदर झालं. आई-वडील भावाकडे नाशिकला गेले तेव्हापासून मला धुळ्याला जायचं कारणच उरलं नव्हतं. आग्रा रोडने येताना लळिंगचा किल्ला दिसला आणि घसा दाटून आला. दोन दिवस राहिले. गल्ल्या अजून तशाच नंबराच्या आणि सरळ, एकवीरेचं देऊळ जागेवर. आमच्या घराचा ओटा मात्र गेला, तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. वर्गातली एक मैत्रीण खापरावरच्या पुरणपोळ्या घेऊन आली होती.

स्मरणिकेसाठी मी चार पानं लिहिली. शेवटचं वाक्य: 'इतक्या वर्षांनी मला धुळं भेटलं.' पुण्यातल्या एका जाणकार बाईंनी मुद्रितं तपासली आणि 'भेटलं'खाली रेघ मारून समासात लिहिलं, 'माणसं भेटतात. गाव मिळतं किंवा सापडतं. गावाला भेट देतात.'

मी तिन्ही करून पाहिलं. 'धुळं मिळालं' म्हटलं की बदलीत मिळाल्यासारखं वाटतं. 'सापडलं' म्हणावं तर जे शोधत होते त्यातलं निम्मं सापडलंच नाही. 'धुळ्याला भेट दिली' मंत्री म्हणतात. 'मी धुळ्याला भेटले' असं लिहिलं तर वाचणारा विचारतो, धुळ्याला कोणाला भेटलात? काय ठेवू?

अनुस्वार
बाईंचं बरोबर आहे. प्रमाण मराठीत भेटणं सजीवाचं, मिळणं वस्तूचं. हिंदीत दोन्हींना एकच 'मिलना' आहे. आपल्याकडे दोन वेगळे शब्द असताना एक का टाकून द्यायचा? 'पेन भेटला', 'नोकरी भेटली' हे आता बातम्यांतही ऐकू येतं आणि मला खरोखर त्रास होतो. भाषेतला एक बारकावा आपल्या डोळ्यांदेखत मरतो आहे.

खापर
मी शिरपूरचा. आमच्या घरी 'माले बस भेटनी नही' हे पहिल्यापासून आहे, बातम्यांतून शिकलेलं नाही. माझी आजी कधी गावाबाहेर गेली नाही, तीही हेच म्हणायची. भाषाशास्त्रज्ञ ग्रिअर्सनने भारताच्या भाषा-सर्वेक्षणाच्या 1907च्या खंडात खानदेशी, म्हणजे आमची अहिराणी, मराठीत धरलीच नाही, भिल्ल भाषांच्या सोबत मांडली. त्याचं वर्गीकरण बाजूला ठेवा. पण एका बोलीचा नियम दुसऱ्या बोलीची चूक कशी ठरते?

पांझराकाठ
खापरभाऊ, हे वाचून बरं वाटलं. शाळेत एक बाई 'पेन भेटला नाही' म्हटलं की बाकावर उभं करायच्या. पुढे पुण्याला होस्टेलवर मी 'बस भेटली नाही' म्हणाले तर खोलीतल्या मुलींनी विचारलं, 'का, रुसली होती का?' त्या दिवसापासून मी तो शब्द जपून वापरायला लागले आणि मग तो सुटलाच. यंदा स्टँडवर उतरल्याबरोबर मैत्रीण म्हणाली, 'बरं झायं, सुट्टी भेटनी तुले.' माझ्या वाक्यातलं 'भेटलं' तिथून आलंय. ते मी ठरवून लिहिलेलं नाही.

केळीबाग
आमच्या सावद्याकडे अहिराणी नाही, लेवा बोली. 'माले'च्या जागी 'मले'. पण भेटणं तेच. केळीचा ट्रक भरून गेला की घरी पहिला प्रश्न, 'भाव काय भेटला?' भाव 'मिळाला' म्हणणारा माणूस मी बाजारात पाहिला नाही. भाव हाही समोरून येणाऱ्या माणसासारखाच असतो, कसा येईल सांगता येत नाही.

दुभाषी
मी भाषांतराचं काम करते, या क्रियापदापाशी दर वेळी अडते. मराठीत भेटण्याच्या दोन रचना आहेत. 'मी त्याला भेटले' म्हणजे ठरवून गेले. 'मला तो भेटला' म्हणजे वाटेत अचानक समोर आला. आता खानदेशी वापर पाहा. 'मला पेन भेटला' म्हणतात, 'मी पेनाला भेटलो' कोणीच म्हणत नाही. वस्तूसाठी फक्त दुसरी रचना घेतली, न ठरवता हाती येण्याची. म्हणजे बारकावा मेला नाही, तो व्याकरणात आहे. पांझराकाठ यांचं वाक्यही त्याच रचनेतलं. गेट-टुगेदर ठरवून होतं, गाव मात्र वाटेत समोर आलं.

अनुस्वार
छान उलगडून सांगितलंत. पण गाव निर्जीव असताना त्याला सजीवाचं क्रियापद लावणं हा अलंकार झाला. अलंकार म्हणून माझी हरकत नाही. बोलीचा हक्क म्हणून आहे.

मिळवणी
अनुस्वार, मुळाशी गेलात तर तुमची विभागणीच उलटी होईल. संस्कृत मिल् म्हणजे एकत्र येणं. 'मिळून जाऊ', 'मनं मिळाली', 'नदी सागराला मिळाली' ही सगळी जुन्या अर्थाची वंशावळ. वस्तू हाती येणं हा नंतरचा अर्थ. 'भेट'चं मूळ माझ्या मते 'अभि'मध्ये आहे, अभिमुख होणं, तोंडासमोर येणं. पटवून देता येणार नाही, पण कानाला पटतं.

अनुस्वार
कानाला पटणं ही व्युत्पत्ती नव्हे. 'अभि'तला 'ट' कुठून आला?

सातपुडा
नंदुरबारहून. मूळ शोधायला संस्कृतपर्यंत कशाला जायचं, शेजारी बघा. गुजरातीत 'मने चोपडी मळी' (मला पुस्तक मिळालं) आणि 'हुं एने मळ्यो' (मी त्याला भेटलो), दोन्ही एकाच क्रियापदाने. मध्य प्रदेशातल्या निमाडी बोलीकडे गेलात तरी एकच. दोन्हींकडे एका शब्दात काम भागतं, मधल्या खानदेशानेही एकच ठेवला. शब्द मराठी, सवय शेजारची. आमच्या बाजारात दोन्ही बोलणारे समोरासमोर बसतात.

खापर
मला आणखी एक कारण दिसतं. अहिराणीत ळ चा य होतो. शाळा म्हणजे शाया, जळगाव म्हणजे जयगाव, धुळे म्हणजे धुये. मग 'मिळालं'चं काय होणार? 'मियनं'. ओठांवर पुरता येण्याआधीच विरघळतो तो शब्द. 'भेटनं' कसं ठणठणीत आहे. म्हणून तो टिकला.

केळीबाग
हे नाही पटत. ळ चा य आमच्याकडेही होतो, तरी 'केयी' आणि 'डोया' जिवंत आहेतच की.

मिळवणी
धुळ्यावरूनच हा वाद चालावा याचा मला आनंद आहे. इतिहासाचार्य राजवाडे 1926 साली धुळ्यातच वारले. धातूंच्या आणि नामांच्या व्युत्पत्ती जुळवण्यात त्यांनी किती वर्षं घातली! त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे आजही आहे. पांझराकाठ, गेलात का तिथे?

पांझराकाठ
नाही. शाळेतून एकदा नेलं होतं, एवढंच आठवतं. या वेळी बंद व्हायची वेळ झाली होती. चुटपुट लागली आहे.

दुभाषी
मिळवणी यांच्या नदीवरून सुचलं. मुडावदला पांझरा तापीला मिळते. पुढे तापीच उरते, पांझरा हे नाव तिथे संपतं. तिथे 'भेटते' म्हटलं असतं तर दोघी वेगळ्या राहिल्या असत्या. पांझराकाठ धुळ्यात राहायला परतल्या नाहीत, दोन दिवसांनी निघाल्या. म्हणून मला 'मिळालं' चुकीचं वाटतं आणि 'भेटलं' बरोबर.

सातपुडा
नदीत पाणी होतं का पण?

पांझराकाठ
पुलावरून पाहिलं. मधोमध एक धार, बाकी दगड. आम्ही लहानपणी पूर बघायला पळायचो.

अनुस्वार
एक वेगळी सूचना. स्मरणिकेत 'गेट-टुगेदर' छापू नका. 'स्नेहमेळावा' हा चांगला शब्द आहे.

केळीबाग
मेळाव्याला मांडव, खुर्च्या आणि अध्यक्ष लागतात. वीस जण शेवभाजी खायला जमले त्याला मेळावा कसं म्हणू?

खापर
आणि 'स्नेहसंमेलन' म्हणजे शाळेचं गॅदरिंग, तेही नाही चालणार. आम्ही सरळ म्हणतो, 'सगळे जमनूत.' जमणं पुरेसं आहे, त्याचं नाम कशाला करायचं?

अनुस्वार
नाम लागतंच. मुखपृष्ठावर क्रियापद कसं छापणार?

मिळवणी
'पुनर्भेट' घ्या ना. भेटही आली त्यात.

केळीबाग
पुनर्भेट कोणी बोलतं का हो? वर्गातल्या मित्राला फोन करून कोणी म्हणेल का, 'पुनर्भेटीला ये'?

पांझराकाठ
सगळ्यांचे आभार, पण माझं पान शुक्रवारी छापायला जायचंय. दुभाषी यांनी बळ दिलं, अनुस्वार यांनी अलंकार म्हणून परवानगी दिली. त्या बाईंना मात्र मी अलंकार म्हणून सांगू शकत नाही. खोटं होईल ते.

अनुस्वार
मग मी खोडलं असतं. राग मानू नका.

खापर
ठेवा तसंच. बरं ताई, तुमचा ओटा कोणत्या गल्लीत होता? माझी मावशी पाच नंबरच्या गल्लीत राहायची, मी सुट्टीत तिथेच असायचो.

पांझराकाठ
पाच नंबरच! नदीकडच्या टोकाला, निळ्या दाराचं घर. तुमची मावशी शिवणकाम करायची का? दारात कडुलिंब होता?