मदत हवी आहे: पुश-पुल अ‍ॅम्प्लिफायरच्या इनपुटची जुळणी २८ मेगाहर्ट्झला बिघडते

नमस्कार. पुण्यात घरीच मी ३ ते ३० मेगाहर्ट्झसाठी दोन आयआरएफ५१० मॉसफेटचा (ट्रान्झिस्टरचा एक प्रकार) पुश-पुल अ‍ॅम्प्लिफायर बांधला आहे, म्हणजे दोन्ही मॉसफेट आलटून-पालटून काम करतात. इनपुटला १:१ ट्रान्सफॉर्मर असून प्रत्येक गेटपासून (मॉसफेटच्या इनपुट टोकापासून) ग्राउंडला २७ ओहमचा रेझिस्टर आहे. बायस (गेटला दिलेले स्थिर व्होल्टेज) चालू ठेवून व्हीएनएवर (वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीला जुळणी मोजणाऱ्या उपकरणावर) मोजल्यास ७ मेगाहर्ट्झला एसडब्ल्यूआर (जुळणी किती बिघडली ते दाखवणारे प्रमाण; १ म्हणजे अचूक) १.३ येतो, पण २८ मेगाहर्ट्झला तो ३ च्या जवळ जातो. गेटची कपॅसिटन्स सुमारे १८० पिकोफॅरड धरली, तर तिथे तिची रिअ‍ॅक्टन्स (एसी सिग्नलला होणारा विरोध) जेमतेम ३२ ओहम उरते. मुख्य कारण तेच असावे.

रेझिस्टर १० ओहमचे करून ट्रान्सफॉर्मरचे गुणोत्तरही बदलले, तेव्हा जुळणी सुधारली, पण गेन इतका घसरला की माझी २ वॉटची ड्राइव्ह (इनपुट पॉवर) पुरेना. रेझिस्टर काढल्यास ऑसिलेशन सुरू होते. प्रत्येक गेटला सिरीजमध्ये तीन वेढ्यांची कॉइल घातली. वेढे किंचित पसरवले तरी आकडा हलतो आणि २८ ला फायदा होतो, मात्र २१ ला बिघडते. बँडनिहाय रिले नको आहेत आणि सुटे भाग शक्यतो पुण्याच्या तपकीर गल्लीतील इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळणारेच हवेत.

ही कॉइल गेटपाशी ठेवावी की ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला कपॅसिटरसोबत, आणि तिचे मूल्य व्हीएनएच्या लहान सिग्नलवरून ठरवावे, की मिलर परिणामाने (गेनमुळे गेटची कपॅसिटन्स मोठी भासते) कपॅसिटन्स वाढते म्हणून पूर्ण ड्राइव्हला डायरेक्शनल कपलर (पुढे जाणारी आणि परतणारी पॉवर वेगळी दाखवणारा भाग) लावून मोजावे?