देशोदेशीची राष्ट्रीय पेयं: घरी करताना काय सांभाळायचं?

मुठेकाठी
रसवंतीचे घुंगरू वाजायला लागले आणि हा जुना विषय पुन्हा आठवला. उसाचा रस हे पाकिस्तानचं राष्ट्रीय पेय आहे, २०१९ साली तिथल्या सरकारने तसं जाहीर केलं. म्हणून म्हटलं, देशोदेशीच्या अशा पेयांचा धागा काढू. नुसती नावं नकोत. प्रमाण लिहा, आणि कुठे बिघडतं तेही.

सुरुवात रसापासूनच करते. रसाला हवा लागली की तो काळपट पडतो, चिरलेलं वांगं पडतं तसाच. लिंबाच्या आंबटपणाने हे लांबतं, म्हणून लिंबू शेवटी पिळून उपयोग नाही. भांड्यात आधी पिळून ठेवा आणि रस त्यावर पडू द्या. लिटरभर रसाला एक कागदी लिंबू, बोटाच्या पेराएवढं आलं. लिंबू सालीसकट चरकात घातलं तर सालीचा कडवटपणा उतरतो. रस काढल्या काढल्या प्यायचा, फ्रीजमध्ये ठेवून दुपारी प्यायची ही वस्तू नाही.

तांब्याभांडं
अर्जेंटिनाचं माते. २०१३ च्या कायद्याने ते तिथलं राष्ट्रीय पेय झालं, ३० नोव्हेंबर हा त्याचा दिवस. माते हे भांड्याचंही नाव, पानांच्या चुऱ्याला येर्बा म्हणतात, गाळणीच्या नळीला बोंबिया.

भांडं दोनतृतीयांश येर्बाने भरा. तोंडावर तळहात ठेवून उलटं करून हलवा, भुकटी वर येते आणि नळीत अडकत नाही. मग तिरकं धरा, चुरा एका बाजूला डोंगरासारखा राहिला पाहिजे. खोलगट बाजूला आधी थोडं गार पाणी, दोन मिनिटं मुरू द्या, तिथेच नळी खोचा. नंतर गरम पाणी, तेही नळीच्या बुडाशीच. डोंगराचं टोक कोरडं राहू द्या, म्हणजे बरेच घोट चव टिकते.

आता मुख्य गोष्ट. पाणी ७० ते ८० अंशांचं हवं. उकळतं ओतलं की कडू जहर होतं आणि दोन घोटांत चव संपते. आणि नळी ढवळायची नाही, कधीच नाही!

अनु_बाणेर
@तांब्याभांडं घरात थर्मामीटर नाही हो. ८० अंश ओळखायचे कसे?

तांब्याभांडं
अनुताई, तीन वाट्या उकळतं पाणी आणि एक वाटी माठातलं. पुण्याच्या उंचीवर पाणी ९८ च्या आसपास उकळतं, त्यामुळे मिसळल्यावर ८० च्या जवळ येतं. ७५ हवं असेल तर दोनास एक.

गवतीचहा
भोपळ्याचं भांडं आणलं असेल तर आधी ते मुरवावं लागतं. वापरलेली ओली येर्बा भरून २४ तास ठेवा, मग आतलं सुटलेलं साल चमच्याने हलक्या हाताने खरवडून उन्हात खडखडीत वाळवा. पावसाळ्यात आपल्याकडे दमट हवेत ते वाळत नाही, आत बुरशी धरते. जून ते सप्टेंबर स्टीलचं किंवा काचेचं वापरा.
हा भोपळा आपल्या तंबोऱ्याच्या भोपळ्याच्याच जातीचा. मिरजेत तंबोरे करणारे भोपळा आधी किती दिवस वाळवतात, कुणाला माहीत आहे का?

सदाशिवपेठी
तंबोऱ्याचा वेगळा धागा काढा, नक्की लिहीन.

तुर्कस्तानचं आयरान घ्या. लोक त्याला ताक म्हणतात, ते बरोबर नाही. ताकातून लोणी काढलेलं असतं, आयरान म्हणजे दही, गार पाणी आणि मीठ, बस. जिरं, हिंग, कोथिंबीर काही नाही. ४०० ग्रॅम दह्याला २०० मिली पाणी, अर्धा चमचा मीठ. दही आधी बिनपाण्याचं रवीने एकजीव करायचं, मग पाणी थोडं थोडं. सगळं पाणी एकदम ओतलंत तर कण राहतात आणि पाच मिनिटांत पाणी वर, दही खाली. आदल्या दिवसाचं आंबट दही चालत नाही, सकाळी लागलेलं गोड दही घ्या. वर फेस हवा.

रविवारची_मिसळ
मिसळीनंतर आयरान उत्तम लागेल असं वाटतंय, रविवारीच करते. सदाशिवपेठी, म्हशीच्या दुधाचं दही चालेल का?

सदाशिवपेठी
चालेल, पाणी ५० मिली वाढवा.

कर्वेरोड
मोरोक्कोचा पुदिना चहा. हिरवा चहा गोळीचा घ्यायचा, पानं वळून बारीक गोळ्या केलेल्या असतात तो. लिटरला दीड मोठा चमचा. पहिलं कपभर उकळतं पाणी घालून अर्धा मिनिट, ते पाणी ओतून बाजूला ठेवा, चव त्यात असते. दुसरं पाणी घालून खळखळून फेकून द्या, त्यात कडवटपणा आणि धूळ जाते. मग पहिलं पाणी परत किटलीत, वर लिटरभर पाणी, मंद आचेवर दोन-तीन मिनिटं. साखर सढळ. पुदिना आच बंद केल्यावर, मूठभर, देठासकट. उकळलात की काळा पडतो आणि वास जातो. एक पेला भरून परत किटलीत ओता, दोनदा, साखर अशी विरघळते. पेल्यात ओतताना फूटभर उंचावरून, फेस धरतो. मंडईतली सकाळची जुडी घ्या, संध्याकाळची मलूल असते.

अनु_बाणेर
पहिलं ठेवायचं, दुसरं टाकायचं! इतके दिवस उलटं वाचलं होतं. आभार दादा.

पेरूची_फोड
ब्राझीलचं कायपिरिन्हा राहिलं. मद्य आहे, न पिणाऱ्यांनी पुढे जावं. त्यातली कशासा ही दारू उसाच्या ताज्या रसाची, रम बहुतेक मळीची. साखर कारखान्यांच्या मुलखात हा फरक वेगळा सांगायला नको. एक लिंबू आठ फोडी, मधली पांढरी शीर काढून टाका, कडूपणा तिचा. दोन चमचे साखर घालून हलकं चेपा, चेंदा करू नका. ५० मिली कशासा, बर्फ.

मुठेकाठी
इथेही लिंबाचा कडूपणाच सांभाळायचा! चहाचं काय हो? २०१२ मध्ये आपलं राष्ट्रीय पेय होणार अशी घोषणा ऐकली होती.

गवतीचहा
झालं नाही पुढे. अमृततुल्यवाल्यांचं काही अडलं नाही.

कर्वेरोड
व्हिएतनामची गाळणीची कॉफी कुणी करतं का? पेल्यात दोन चमचे कंडेन्स्ड मिल्क, वर धातूची गाळणी, त्यात २० ग्रॅम गडद भाजलेली रोबस्टा, कूर्गची चालते. आधी दोन चमचे गरम पाणी घालून अर्धा मिनिट फुगू द्या, मग बाकीचं. चार-पाच मिनिटांत सगळं उतरलं पाहिजे. दोन मिनिटांत उतरलं तर दळण जाड, थेंब अडकले तर बारीक. आपली फिल्टर कॉफीची पूड नेमकी इथे अडकते. दुकानात दळून घेताना जाड रव्याइतकी मागा. चिकोरी नको म्हणून आधीच सांगा, मिसळल्यावर निघत नाही.