गूढ, गुह्य, गुप्त आणि छद्म: नेमका फरक काय?

एक शंका होती. 'गुप्त विद्या', 'प्राचीन रहस्य' असल्या नावाची पुस्तकं वर्षानुवर्षं का खपतात यावर थोडं लिहायला घेतलं नि शब्दांवरच अडलोय. गूढ, गुह्य, गुप्त हे सगळं एकच का? आणि स्युडोसायन्सला, म्हणजे विज्ञानाचा नुसता आव आणणाऱ्या गोष्टींना, छद्मविज्ञान म्हणू की सरळ थोतांड?

— गूढ आणि गुह्य सख्खे भाऊ, दोघंही 'गुह्' म्हणजे लपवणे या धातूतले, गुहा पण त्यातलीच. गुप्त मात्र 'गुप्' वरून, त्यात लपवण्याबरोबर राखणंही आहे, म्हणजे गुप्त म्हटलं की कोणीतरी पहाऱ्यावर बसलंय असं आपोआप वाटतं आणि पुस्तक खपायला तेवढं पुरतं (छापून दुकानात आलेलं गुप्त कसलं, हे कोणी विचारत नाही). पण खरी गंमत 'गुज' मध्ये आहे. गुह्यचं प्राकृतात गुज्झ झालं, मराठीत गुज, त्यातून हितगुज. ही पुस्तकं तेच करतात बघा, लाखोंना एकच मजकूर, पण सांगायचा असा की जणू फक्त तुमच्याच कानात. 1948 साली बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञानं विद्यार्थ्यांना 'हे तुमच्या स्वभावाचं वर्णन' म्हणून कागद वाटले, सगळ्यांना तोच मजकूर, बराचसा ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला, आणि वर्णन किती जुळतं यासाठी पोरांनी त्याला 5 पैकी सरासरी 4.26 मार्क दिले!

— छद्म 'छद्' वरून, झाकणे. छत्र, आच्छादन त्यातलेच. म्हणजे वेशांतर आलं. थोतांड ही नुसती शिवी झाली, त्यात वेश नाही. भूत आहे म्हणणं ही अंधश्रद्धा, पण 'भुताची फ्रीक्वेन्सी मोजून देतो' म्हणणं हे छद्मविज्ञान. ऊर्जा, कंपनं, क्वांटम हे त्याचे कपडे. ऊर्जा म्हणतात ना, मग किती ज्यूल ते विचारा, लगेच 'ती वेगळी ऊर्जा' होते.

— वा, हितगुज डोक्यातच आलं नव्हतं. छद्मविज्ञानच ठेवतो मग. 'आभासी विज्ञान' कसं वाटतं, जरा सोपं?

— नको. आभासी आता व्हर्च्युअलनं पळवलाय, लोकांना ऑनलाइन क्लास वाटेल.