तान्ह्या पोळ्यात लाकडी बैल आपोआप चालतो, हा शॉट फोनवर कसा घ्यायचा?

संत्रा_फ्रेम (प्रश्न)

नमस्कार मंडळी. घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून पाहावी अशी आठ भागांची मालिका यूट्यूबसाठी करून राहिलो आहोत. नायिका तेरा वर्षांची, आठवीतली. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यात आई, आजी आणि धाकट्या भावासोबत राहते. तिला नजरेने वस्तू हलवता येतात, आणि श्वास रोखून धरला तर अदृश्य होता येतं. घरात कोणालाच माहीत नाही. साहित्य म्हणजे एक फोन, ट्रायपॉड, दोन एलईडी पॅनल आणि बऱ्यापैकी लॅपटॉप.

तीन शॉट अडले आहेत. जेवताना पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकतो तो, स्वयंपाकघरात आजीसमोर ती अदृश्य होते तो, आणि शेवटच्या भागात तान्ह्या पोळ्याच्या (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलं लाकडी बैल सजवून आणतात त्या सणाच्या) रांगेतून भावाचा लाकडी बैल एकटाच चालत येतो तो. शिवाय ट्यूबलाइटखाली घेतलेल्या चाचणीत सगळीकडे आडवे पट्टे दिसतात. वाड्यातलं चित्रीकरण मे महिन्यात आहे.

शटर_पन्नास

पट्ट्यांचं आधी, कारण ते सुटल्याशिवाय बाकीचं काही कामाचं नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून चोकवाली ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी बल्ब सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. फोन मात्र बहुधा सेकंदाला ३० फ्रेम आणि १/६० शटरवर असतो, म्हणजे प्रत्येक फ्रेम सेकंदाच्या साठाव्या भागापुरती उघडी राहते. फोन फ्रेम एकेक ओळ करून टिपतो, त्यामुळे दर ओळीला उजेडाचा वेगळाच तुकडा सापडतो, तेच हे पट्टे. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे ॲप फुकट आहे. त्यात २५ फ्रेम आणि १/५० शटर पक्कं करा. उजेड जास्त झाला तर सरळ १/१०० वर जा, मधलं १/६० किंवा १/८० नको. आणि १२० फ्रेमचं स्लो मोशन ट्यूबलाइटखाली घेऊच नका. तिथे एक फ्रेम १/१२० सेकंदापेक्षा जास्त उघडी राहूच शकत नाही, त्यामुळे लुकलुक येणारच.

अदृश्य होण्यासाठी हिरव्या पडद्याची गरज नाही. फोन ट्रायपॉडवर ठेवा, फोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक करा, स्टॅबिलायझेशन बंद करा, मुख्य लेन्सच ठेवा. आधी मुलगी आणि आजी असलेला टेक घ्या. मुलीला फ्रेमबाहेर जाऊ द्या, आजीला तिथेच बसू द्या, रेकॉर्डिंग न थांबवता काम पुढे चालू ठेवा. शेवटी दोघीही बाहेर, दहा सेकंद रिकामी खोली. हीच तुमची क्लीन प्लेट. डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत दोन थर एकावर एक ठेवून मुलीच्या भोवती मास्क (कापायच्या भागाची रेघ) काढा, कडा मऊ करा आणि पाच-सहा फ्रेममध्ये तिला विरघळवा.

बिघडतं ते तीन कारणांनी. पहिलं, सावली. मुलगी जाते आणि भिंतीवर तिची सावली राहते. मास्कमध्ये सावलीही घ्यायची, किंवा पॅनल अशा बाजूला लावायचं की सावली फ्रेमबाहेर पडेल. दुसरं, आजीचा हात. मुलीच्या जागेवरून तो एकदा जरी गेला तरी मास्क फ्रेमगणिक हाताने काढावा लागतो, म्हणजे एका सेकंदाला पंचवीसदा. जमिनीवर खडूने रेघ मारून आजींना तिच्या अलीकडेच बसवा. तिसरं, ऊन. वाड्याच्या चौकातून येणारा कवडसा मिनिटागणिक सरकतो, म्हणून क्लीन प्लेट टेकनंतर लगेच घ्या, जेवणानंतर नाही. कूलर तर बंदच. त्याच्या आवाजाचं पुढे काही करता येईल, पण त्याने हलणाऱ्या कॅलेंडरच्या पानाचं काही करता येत नाही.

इतवारी_हार्डवेअर

ग्लासचं सांगतो. टेबलाखालून लोहचुंबक फिरवायचा, पण घरातलं जेवणाचं टेबल चालणार नाही. १९ मिमीच्या प्लायमधून पुरेशी ओढ पोचत नाही, कारण अंतर वाढलं की ती झपाट्याने कमी होते. ६ मिमी प्लायचा वेगळा पाट बनवा, खाली दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या मारून उंच करा. निओडिमियम या जोरदार लोहचुंबकाच्या २० मिमी व्यासाच्या, ५ मिमी जाडीच्या तीन चकत्या एकावर एक ठेवून फूटपट्टीच्या टोकाला पक्क्या चिकटवा. ग्लासच्या बुडाला लोखंडी वॉशर लावा. स्टीलच्या ग्लासवर भरवसा ठेवू नका, चांगलं स्टेनलेस स्टील चुंबकाला चिकटतच नाही. वॉशरही साध्या लोखंडाचाच घ्या. ग्लासात पाणी एक तृतीयांश ठेवा, भरलेला ग्लास सुटताना आणि थांबताना हिंदकळतो.

या चकत्या सेटवरच्या लहान पोरांच्या हाती लागू देऊ नका. दोन गिळल्या तर आतड्याच्या पदरांतून एकमेकींना चिकटतात आणि ऑपरेशनची वेळ येते. मोजून काढा, मोजून ठेवा.

आता बैल. चाकांचा गाडा आहे म्हणून निम्मं काम आधीच झालेलं आहे. दोरा मानेला बांधू नका, बैल तोंडावर पडेल. खालच्या फळीच्या पुढच्या कडेला, मधोमध, छोटा आकडा स्क्रू करा. मासेमारीच्या दुकानातला विणलेला, राखाडी किंवा हिरवट दोरा ०.२ मिमीचा घ्या. साधा तंगूस ताणला जातो, म्हणून बैल आधी हलत नाही आणि मग एकदम उडी मारतो. नायलॉन मांजा अजिबात नको, त्यावर बंदी आहे आणि ती योग्यच आहे.

बैल जिकडे जायचा तिकडे, फ्रेमच्या बाहेर, जमिनीपासून तीन-चार सेंटीमीटरवर एक लहान कप्पी ठोका. दोरा तिच्यातून काटकोनात वळवून ओढणारा माणूस भिंतीआड बसवा. हाताने ओढलं तर वेग कमी-जास्त होतो. कॉर्डलेस ड्रिलमध्ये रिकामी रीळ बसवा आणि सगळ्यात कमी वेगावर गुंडाळा. सेकंदाला साधारण एक वीत, याहून जोरात नको. चाकांच्या आसाला मेण चोळा आणि बैलाची वाट झाडून घ्या, डांबरावरचा एक खडाही त्याला अडवतो.

दोरा दिसतो तो चमकतो म्हणून. मागून उजेड आला की चमकणारच. सूर्य कॅमेऱ्याच्या पाठीशी ठेवा, आणि कॅमेरा इतका खाली नको की दोरा आकाशावर किंवा पांढऱ्या भिंतीवर दिसेल. मागे रांगोळी, तोरण, पोरांचे पाय असे काही असलं की तो हरवून जातो. उरलीसुरली चमक दोऱ्याला काळा मार्कर फासून घालवा.

खऱ्या तान्ह्या पोळ्याच्या गर्दीत हा दोरा लावू नका. पोरगं अडखळेल, पाय कापेल. त्या दिवशी फक्त लांबचे शॉट घ्या: रांग, तोरण, सजलेले बैल. त्यातही ओळखू येतील असे परक्या पोरांचे चेहरे पालकांना विचारूनच. बैल चालतो तो भाग नंतर त्याच गल्लीत आठ-दहा ओळखीच्या मुलांना घेऊन करा. दोन्ही टोकांना मोठी माणसं, गाड्या बंद. पोळ्याच्या दिवसांत आभाळ असतं, तेव्हा नंतरचा दिवसही ढगाळच निवडा, नाहीतर सावल्या जुळणार नाहीत. बैलाच्या सजावटीचे चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा, झूल कोणत्या बाजूला किती लोंबत होती हे लक्षात राहत नाही. आणि तान्हा पोळा व मारबतीची (इडापिडा घालवायला काढतात त्या पुतळ्यांची) मिरवणूक एकाच दिवशी असते. महाल-इतवारीतून सामान घेऊन निघायचं तर सकाळी लवकरच निघा.

संत्रा_फ्रेम

खूप उपयोगी. पाट बनवून पाहिला. ग्लास सरकतो, पण झटके घेत. बैलही ओढला, तो दोन फुटांवर गेला की डावीकडे वळतो.

इतवारी_हार्डवेअर

झटके म्हणजे ओढ कमी नाही, जास्त आहे. चुंबक वॉशरला पाटावर दाबून धरतो, घर्षण वाढतं, ग्लास अडतो आणि मग सुटतो. तीनपैकी एक चकती काढा. वॉशरखाली पातळ नमद्याचा तुकडा लावा. टेबलक्लॉथ असेल तर काढा. फूटपट्टी हवेत धरून फिरवत असाल तर पाटाखाली दोन पट्ट्यांची खाच करून तिच्यातून सरकवा, म्हणजे अंतर सारखं राहील.

बैल वळतो कारण पुढचा आस मागच्याशी समांतर नाही. आधी तो पाहा, खिळा वाकला असेल. सरळ करूनही वळत असेल तर आकडा वळणाच्याच बाजूला, म्हणजे डावीकडे, एकेक सेंटीमीटर सरकवत जा. उजवीकडे सरकवला तर आणखी वळेल.

गोष्ट_आधी

तंत्राचं सगळं मिळालं, एक लेखनाचं सांगते. तुमच्याकडे सोनं आहे आणि ते प्रश्नात नुसतं जाता जाता आलं: श्वास रोखला तोवरच अदृश्य. मग तो प्रसंग सलग दाखवा, मध्ये कट न देता, तीस-पस्तीस सेकंद. पाहणारी पोरं आपोआप स्वतःचा श्वास रोखतील. आजी डब्यात हात घालते, थांबते, वळते, पुन्हा वळते. वेळ संपत चालला आहे हे फक्त आपल्याला माहीत. शटर_पन्नास यांची पद्धत सलग शॉटला चालते, कारण मधल्या वेळात मुलगी खोलीत नसतेच. मुलीला खरोखर श्वास रोखायला लावू नका. सुरुवातीचा आणि शेवटचा श्वास तिने घ्यावा, मधलं कोणी तरी मोजावं.

नजरेच्या शक्तीलाही असंच कुंपण घाला. जे ती हाताने उचलू शकते तेवढंच हलतं. पाण्याने भरलेली कळशी हलत नाही, नाकातून रक्त येत नाही, फक्त हलत नाही. मर्यादा नसेल तर प्रत्येक अडचणीवर एकच उत्तर येतं आणि तिसऱ्या भागापासून धाकधूक संपते.

ग्लासच्या शॉटमध्ये क्रम पाळा. आधी तिची नजर, मग अर्धा सेकंद काहीच नाही, मग ग्लास, आणि मग कोणी पाहिलं का ते. तो अर्धा सेकंद काढला तर ग्लास तिच्यामुळे हललासं वाटतच नाही. ओढणाऱ्याला इशारा तिच्या पापणीवर द्या, संवादावर नको. आणि मागे घरातलं बोलणं चालू राहू द्या, भाजीत मीठ जास्त झालं याबद्दल. घर आपल्या नादात असतं म्हणून गुपित टिकतं.

उन्हाळी_रील

मे महिन्याचं कोणीच बोललं नाही. नागपुरात तेव्हा पारा ४५ पर्यंत जातो, आणि ॲपलने आपल्या फोनसाठी ० ते ३५ अंश हवा सांगितली आहे. बाकी फोनही तापले की स्क्रीन मंद करतात आणि मध्येच रेकॉर्डिंग बंद करतात. सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी पाचनंतर कामं ठेवा. कव्हर काढा, फोनवर छत्री धरा, चार्जिंग लावून शूट करू नका. तापला म्हणून फ्रिजमध्ये ठेवू नका, आत दव धरतं.

फोनच्या ॲपवर काही आधीच घेतलं असेल तर त्यात फ्रेमचा वेग बदलता असतो आणि एडिटमध्ये ओठ व आवाज सुटतात. ते हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट फ्रेम रेटवर काढा, मगच टाइमलाइनवर घ्या.

मुलगी १४ वर्षांखालची आहे. मालिकेतून कमाईचा विचार असेल तर बालकामगार कायद्याखालचे २०१७ चे सुधारित नियम लागू धरूनच चला. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. तिच्या मानधनाचे किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत तिच्या नावाने मुदत ठेवीत. पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस लागतो, तोही फक्त त्यासाठीच ठेवा, कॅमेऱ्याच्या मदतीला घेऊ नका. परवानगीचा अर्ज आधी करा, तारखा नंतर ठरवा.

यूट्यूबवर टाकताना ‘मुलांसाठी बनवलेले’ हा पर्याय निवडला की टिप्पण्या बंद होतात आणि व्यक्तिगत जाहिराती लागत नाहीत. मालिका खास लहान मुलांसाठी असेल तर तोच निवडावा लागतो. आजीपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांसाठी असेल तर तसं लिखाणातही आणि थंबनेलमध्येही दिसू द्या.

संत्रा_फ्रेम

बैलाच्या शॉटला ड्रोन लावावा का? वरून रांग छान दिसेल.

उन्हाळी_रील

नको. सोनेगाव विमानतळाच्या कुंपणापासून पाच किलोमीटर लाल क्षेत्र आहे, तिथे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही. त्याबाहेरही ठराविक अंतरापर्यंत पिवळं क्षेत्र, म्हणजे तिथेही परवानगी लागते. नकाशा पाहिल्याशिवाय उडवूच नका. वाड्याच्या गच्चीवरून किंवा माडीच्या खिडकीतून घ्या, रांग तिथूनही दिसते.

गोष्ट_आधी

आणि वरून घेतलं तर बैलाचा चेहरा जातो. कॅमेरा भावाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. चाकांचा खडखडाट वेगळा, फोन जमिनीजवळ धरून, रिकाम्या गल्लीत पहाटे रेकॉर्ड करा. भाऊ मान खाली घालून बसलेला असताना आधी तो आवाज येऊ द्या. बैल त्यानंतर.