ओढ्याकाठच्या पट्टीत बाग करावी का?

चौथा_मजला: आमच्या मागे पुण्यातल्या आंबिल ओढ्याला लागून एक लांबट पट्टी पडून आहे, पावसाळ्यात पाणी चढतं म्हणून बांधकाम होत नाही आणि बाकी वर्षभर राडारोडा, बाटल्या नि डास. तिथे बाग करा म्हणून सह्या गोळा करतोय. कोरेगाव पार्कातलं ओशो तीर्थ बघा, लोक अजून नाला पार्कच म्हणतात, एकेकाळी तोही घाण नालाच होता ना? मग इथे का नको?

तळमजला: नको. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तुम्ही वरून व्हिडिओ काढत असाल, आमच्या हॉलमध्ये शोकेसच्या दुसऱ्या कप्प्यापर्यंत पाणी होतं, ती चिखलाची रेघ दोनदा रंग देऊनही उमटते. टांगेवाला कॉलनीत भिंत पडून माणसं गेली. पाण्याला पसरायला जी काय जागा उरलीय ती असल्या पट्ट्यांतच. बाग म्हणजे आधी भराव, मग सीमाभिंत, मग पेव्हर ब्लॉक, शेवटी वॉचमनची खोली, तीही स्लॅबची. मग पाणी कुठे जाणार? आमच्याकडेच.

चौथा_मजला: भराव कोण म्हणालं काका? सिंगापूरला बिशान पार्कात सिमेंटचा सरळ कॅनॉल फोडून नदी परत वळणावळणाची केली, २०१२ ला. जोराचा पाऊस आला की काठ बुडतो, ओसरला की लोक परत आत.

पुलाखालचा: सिंगापूर!! तिथे पातळी वाढली की भोंगा वाजतो. इथे पुलाखाली अडकलेली गादी काढून घ्यायला आम्ही दोन महिने फोन करत होतो. उद्घाटन थाटात होईल हो, झोपाळ्याखालचा फूटभर गाळ कोण उपसणार?

पर्वतीची_लेक: सारसबाग तरी काय, तळंच होतं की, याच आंबिल ओढ्याचं पाणी अडवून पेशव्यांनी केलेलं, म्हणून तर तळ्यातला गणपती. असो. पण काका, पडीक ठेवली म्हणजे जागा रिकामी राहते का? रात्री डंपर येतात, दरवर्षी पट्टी वितभर वर चढतेय, उद्या पत्रे ठोकतील, परवा गॅरेज. चार माणसं रोज फिरायला लागली तर निदान कुणाचं लक्ष तरी राहील.

तळमजला: हे मात्र खरंय. मी डंपरचा फोटो काढला तर ड्रायव्हर अंगावर आला. बरं, मग माझी अट ऐका. टाकलेला राडारोडा आधी उचला, वर हातभर आणखी खोदा. भिंत नको, जाळीही नको, कचरा अडकला की तिचाच बांध होतो. करंज, उंबर लावा, वाहून जाणार नाहीत अशी दगडी बाकं ठेवा. एवढं लिहून द्या, पहिली सही माझी.

चौथा_मजला: चालेल की. फक्त ओपन जिमला काँक्रीटचा चौथरा लागेल, ती पोस्टरवर आधीच छापलीय.

तळमजला: बघा. सही कॅन्सल.