मनीच्या आजारपणाविषयी

आपल्या १४ वर्षांच्या मनी मांजरीची मूत्रपिंडे निकामी होत असल्याचे कळल्यापासून ‘आधी का लक्षात आले नाही’ असा दोष आपण स्वतःला देत आहात, तो कृपया देऊ नये. मूत्रपिंडांचे बरेचसे कार्य मंदावेपर्यंत रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडे गाळून बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ) सहसा वाढत नाही आणि मांजर आपले दुखणे शेवटपर्यंत लपवते.

आमच्या बोक्याला हाच आजार झाला, तेव्हा डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे आम्ही घरीच त्याच्या खांद्यांमधल्या कातडीखाली सलाइन देत असू, आणि बाटली आधी कोमट पाण्यात ठेवली की तो कमी दचकत असे. अन्नही किंचित कोमट करून द्यावे, वासाने भूक चाळवते. मात्र दिवसभर काहीच खाल्ले नाही तर वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे, कारण उपाशी मांजरीच्या यकृतात चरबी साठू लागते.

निरोपाचा, म्हणजे डॉक्टरांकरवी तिला वेदनारहित मरण देण्याचा निर्णय कधी घ्यावा, हे आपण विचारले आहे. आमच्या बोक्याने स्वतःहून खाल्ले का, अंग चाटून स्वच्छ केले का, तो खिडकीत जाऊन बसला का, याची नोंद आम्ही रोज कॅलेंडरवर करत होतो; जे केले नसेल त्यासाठी फुली मारत होतो. फुल्या वाढत गेल्या, तसे उत्तर आम्हाला दिसू लागले. शेवटच्या क्षणी तो माझ्या मांडीवर होता, याचे मला आजही समाधान वाटते.