अ‍ॅनोरेक्सियात स्वतःचे शरीर जाड का भासते?

प्रश्न: अ‍ॅनोरेक्सियाने (वजन वाढेल या भीतीने खाणे टाळण्याच्या आजाराने) माझी भाची अगदी हाडांचा सापळा झाली आहे, तरी आरशासमोर उभी राहून मांड्या चाचपते आणि त्या सुटल्याचे सांगते. हा सेरोटोनिन या मेंदूतील संदेशवाहक रसायनाचा दोष मानावा का?

उत्तर १: एकट्या सेरोटोनिनवर बोट ठेवता येत नाही. ते ज्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून (प्रथिनांच्या एका घटकापासून) तयार होते, ते शरीराला केवळ अन्नातूनच मिळते; त्यामुळे उपासमारीत सेरोटोनिनही घटते आणि आधी आजार की आधी उपासमार, हे उलगडणे कठीण जाते. वजन फार उतरलेले असताना नैराश्यावरील गोळ्या सहसा लागू पडत नाहीत, त्याचे एक कारण हेच असावे. बुलिमियात (भरमसाट खाऊन मग उलटी वगैरे करून ते बाहेर काढण्याच्या आजारात) मात्र फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरील औषधाचा उपयोग होतो.

उत्तर २: बिघाड केवळ नजरेत नाही. नेदरलँड्समधील २०१३ च्या एका अभ्यासात दारासारख्या फटीतून जाताना निरोगी स्त्रिया, फट खांद्यांपेक्षा सुमारे २५ टक्के रुंद उरली की अंग तिरके करू लागत; अ‍ॅनोरेक्सियाच्या रुग्ण स्त्रिया मात्र ती ४० टक्के रुंद असतानाच तसे करीत. त्यामुळे ‘तू किती बारीक आहेस’ असे सांगून तिला ते पटेल, असे मला वाटत नाही.

उत्तर ३: कृपया तिला विनाविलंब डॉक्टरांकडे न्या, आणि घरी एकदम भरपेट खाऊ घालू नका, दीर्घ उपासानंतर तसे केल्यास रक्तातील फॉस्फेट धोकादायकरीत्या घसरू शकते.